आपलं आपलं काम

१

शनिवारी दुपारी जेवणाची सुट्टी संपली की आम्ही मशीनवर परत जात नसू. डबे धुऊन पिशवीत घालायचे, अंगण ओलांडायचं आणि मागच्या जुन्या गोदामात जायचं, असा नेम होता.

कारखाना हिंगणा रोडला, विहिरीवरच्या विजेच्या पंपांचा. मी तिथे ड्रॉइंग ऑफिसात होतो. बहात्तर साली दिवाळीनंतर मालकांचा मुलगा मुकुंदबाबू जर्मनीहून शिकून आला आणि त्याने एक दिवस सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"शनिवारची दुपार तुमची," तो म्हणाला. "पगार चालू राहील. भंगारातला माल घ्या, हत्यारं घ्या, आणि जे करावंसं वाटतं ते करा. कोणी विचारणार नाही."

"आन् काईच नाई करावंसं वाटलं तं?" मागून रुपराव ओरडला. सगळे हसले.

"तर बसून राहा," मुकुंदबाबूही हसला.

पहिल्या शनिवारी बरेच जण गोदामात पथारी टाकून झोपले. दोनचार शनिवार झोपून झाल्यावर त्यांना कंटाळा आला आणि ते आपणहून मशीनवर गेले. ज्यांच्या मनात खरंच काही होतं तेवढे उरले. आम्ही तिघे.

रुपराव लेथवर होता. काटोलहून रोज बसने यायचा. घरी संत्र्याची थोडी झाडं होती. त्याचं हसणं असं की लेथ चालू असतानाही माझ्या टेबलापर्यंत ऐकू यायचं. जमिनीवर उभं राहून झाडाच्या शेंड्यापर्यंत औषध मारता येईल असा लांब पितळी फवारा त्याला करायचा होता. "शिडीवर चढून चढून माह्या बापाचं कंबरडं मोडलं गा," तो म्हणायचा. "मले नाई मोडून घ्यायचं."

पंचफुलाबाई वाइंडिंगमध्ये होती. मोटारीच्या तारा गुंडाळण्यात तिच्यासारखा हात कारखान्यात दुसऱ्या कोणाचा नव्हता. ती इंदोऱ्याला राहायची. तिच्या लेकीला, गोपिकाला, दिवस गेले होते. उरलेल्या रंगीत तारा विणून पंचफुलाबाई नातवंडासाठी झोळणा करत होती. "बजारातला पाळणा काय, सगळ्यायचाच रायते," ती म्हणायची. "माह्या नातवाचा मले येगळा पायजे."

आणि मी बाजाची पेटी करत होतो. यमुनासाठी. लग्नाआधी ती गात असे. माहेरची पेटी भावाकडे राहिली, आणि धरमपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत गाणं आलंच नाही. मी पेटी करतोय असं सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता निवडत राहिली. पण त्या संध्याकाळी भांडी घासताना ती गुणगुणत होती, आणि मी दाराशी उभा राहून ऐकत होतो.

ते गोदाम मला अजून दिसतं. वर पत्रे, उंचावर धुळीने भरलेले झरोके, एकच फळ्यांचं दार. त्या हिवाळ्यात मी जितका सुखात होतो तितका क्वचितच असेन. कोणी हुकूम देत नव्हतं. रुपराव कानस घासायचा, मधेच हसायचा, पिशवीतली संत्री सगळ्यांना वाटायचा. मी भात्याला चामडं चिकटवताना नकळत एखादी चाल गुणगुणायचो. पंचफुलाबाई आम्हा दोघांनाही दटावायची.

२

जे पहिलं खटकलं ते अगदी बारीक होतं.

एका शनिवारी भोंगा झाल्यावर आम्ही तिघे बाहेर पडलो. चौकीदार धोंडबा कुलूप लावायला आला होता. त्याने कडी घातली, कुलूप दाबलं, आणि थांबला.

"आत कोन हाय?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "आम्ही तिघेच होतो."

आतून कानस घासल्याचा आवाज येत होता. मंद, एका लयीत. रुपराव माझ्या शेजारी उभा होता, पिशवी खांद्याला लावून.

धोंडबाने दार पुन्हा उघडलं. आत कोणी नव्हतं. टेबलं, हत्यारं, अर्धवट वस्तू. आवाजही थांबला होता.

मी म्हणालो, ऊन उतरलं की पत्रा आकसतो, त्याचा असा आवाज येतो. हे खरंच आहे. पत्र्याच्या घरात राहिलेल्या कोणालाही विचारा. धोंडबाने मान हलवली. रुपराव म्हणाला, "पत्रा माह्यापेक्षा बरी कानस चालवते," आणि हसला. आम्ही बस धरायला निघालो.

३

पुढे लक्षात आलं ते असं की काम आमच्या हिशेबापेक्षा पुढे जात होतं.

मी भात्याच्या दोन घड्या चिकटवून गेलो होतो असं मला आठवत होतं. पुढच्या शनिवारी पाहिलं तर तीन होत्या. चामडं नीट बसलं होतं, कडेला सरसाचा थेंबही सांडला नव्हता. मी जशी चिकटवतो तशीच, फक्त जरा जास्त निगुतीने.

मला वाटलं, मागच्या वेळी आपणच केली असेल. आठवडाभर पंपांची ड्रॉइंगं काढणारा माणूस शनिवारच्या घड्या कुठे लक्षात ठेवतो?

पण रुपरावही फवाऱ्याची नळी उजेडाकडे धरून पाहत होता.

"हे भोक मी नाई पाडलं गा, केशव."

"मग कोणी पाडलं?"

"तेच तं." त्याने अंगठा भोकावरून फिरवला. "पाडलं तं बरोबर हाय. मी तिथंच पाडनार होतो."

आम्ही पंचफुलाबाईकडे पाहिलं. ती आपल्या झोळण्याकडे बघत बसली होती. झोळण्याच्या काठाला हिरव्या तारेचे बारीक राघू विणले होते. एकाआड एक.

"तुमी केलं हे?" रुपरावने विचारलं.

"करन्याचं मनात होतं," ती म्हणाली. "कोनाले सांगतलं नव्हतं मी."

कोणी चोरून मदत करतंय, असं मी म्हणालो. मुकुंदबाबूच असेल, त्याला असल्या गमती सुचतात. दोघांनी ते मान्य केलं. मीही केलं. आम्हाला ते मान्य करायचंच होतं.

४

त्यानंतर आमच्यात काय झालं हे सांगणं कठीण आहे, कारण ते होत असताना काहीच वाटत नव्हतं.

रुपरावचं हसणं थांबलं. एकदम नाही. आधी ते लहान झालं, मग नुसते दात दिसायचे, मग तेही नाही. संत्री आणणं बंद झालं. झाडं बहरावर आली असतील ना, मी विचारलं. तो म्हणाला, "असतीन." तो त्यांच्याच शेजारी राहत होता.

फेब्रुवारीच्या शेवटी पंचफुलाबाई एका सकाळी कामावर आली आणि तारेचं रीळ चढवता चढवता म्हणाली, "गोपिकाले पोरगी झाली."

"अरे वा! बर्फी कुठे आहे?" कोणीतरी म्हणालं.

"आनतो," ती म्हणाली. रीळ फिरू लागलं. बर्फी तिने आणली नाही आणि आम्हीही मागितली नाही. तीन आठवडे होऊन गेल्यावर कळलं की तिने नात अजून पाहिलीच नव्हती. लेकीचं सासर मोमिनपुऱ्याच्या पलीकडे, पायी जाण्यासारखं.

"का नाही गेलात?" मी विचारलं.

तिने विचार केला. खरोखर विचार केला, कपाळाला आठी घालून. "जाऊसं नाई वाटलं," ती म्हणाली.

मला तिचा राग यायला हवा होता, किंवा काळजी वाटायला हवी होती. मी माझ्या टेबलाकडे गेलो.

घरी यमुना विचारायची, "पेटी कुठवर आली?"

"चाललंय."

"सूर कधी बसवणार?"

"बसवू."

हळूहळू तिने विचारणं सोडलं. एकदा ती भांडी घासताना मी दाराशी उभा होतो. ती मान वळवून म्हणाली, "काय ऐकता? मी गात नाही आहे." मी तिथे का उभा होतो ते मलाही सांगता आलं नाही. पाय तिथे जायचे, एवढंच.

शनिवारी मात्र आम्ही न चुकता गोदामात जायचो. तिथे काही करायचो नाही. आपापल्या टेबलाशी बसायचो आणि भोंगा झाला की उठायचो. वस्तू पुढे जात होत्या.

५

उन्हाळ्याच्या तोंडावर मुकुंदबाबूचं आणि मालकांचं काहीतरी बिनसलं. तो पुण्याला गेला. मालकांनी शनिवारची दुपार बंद केली, गोदामाला कुलूप लावलं आणि सगळ्यांना मशीनवर बसवलं. मजुरांत थोडी कुरकुर झाली. आम्हा तिघांना काही वाटलं नाही.

पहिल्याच शनिवारी, जेवणाची सुट्टी संपल्यावर, आवाज सुरू झाला.

या वेळी पत्रा म्हणता आलं नसतं. भर दुपारचं ऊन, पत्रा तापलेला, आणि आत कानस चालली होती. कानशीच्या मधे तारेचं रीळ फिरल्याची सरसर होती. आणि या दोन्हींच्या खाली आणखी एक आवाज होता तो मी लगेच ओळखला. भाता. अजून सूर न बसवलेला भाता, नुसता श्वास घेणारा आणि सोडणारा.

मी अंगणात आलो. रुपराव आधीच तिथे होता. थोड्या वेळाने पंचफुलाबाई आली. आम्ही तिघे उन्हात उभे राहिलो. धोंडबा फाटकापाशी पाठ करून बसला होता, आमच्याकडे बघायचं नाही असं ठरवल्यासारखा.

दाराच्या फळ्यांत एक फट होती. मी डोळा लावला.

उन्हातून अंधारात पाहिलं की डोळ्यांपुढे काहीही नाचतं. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं. आधी नुसते हिरवे-जांभळे ठिपके दिसले. मग तांब्याच्या तारेची चमक, खालीवर होणारी. मग पितळी नळीवर वाकलेला एक खांदा. आणि सगळ्यात जवळ, दाराकडे पाठ करून बसलेला एक माणूस. सदरा माझ्या सदऱ्यासारखा होता. तो भाता दाबत होता आणि मान डोलवत होता. तो गुणगुणत होता.

मी फटीपासून दूर झालो. रुपरावने डोळा लावला. तो बराच वेळ तसाच होता.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"खुश दिसून राहिला," तो म्हणाला, आणि लेथकडे परत गेला.

पंचफुलाबाईने पाहिलं नाही. "पोरीचं नाव काय ठेवलं वं?" आतून एका बाईचा आवाज आला, लाडिक, दटावणारा. पंचफुलाबाईचा आवाज. ती माझ्यासमोर उभी होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. तिने पदराने मानेचा घाम पुसला आणि निघून गेली.

६

रुपरावची बायको बायजाबाई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. पुढच्या एका शनिवारी ती काटोलच्या बसने आली आणि फाटकाशी त्याचं नाव सांगून उभी राहिली. मी तिला कँटीनच्या सावलीत बसवलं. रुपराव चहाचा पेला घेऊन शेजारी येऊन बसला. बायको इथे कशी, हे त्याने विचारलं नाही.

ती माझ्याशीच बोलली. "केशवभाऊ, यायले काय केलं तुमी लोकायनं?"

"आम्ही?"

"घरी येतात, जेवतात, निजतात. म्हाताऱ्याले ताप होता तं जवळ गेले नाई. बगीच्याले पानी नाई. लेकरू पाठीवर चढलं तं तसंच चढू देतात, जसं भिंतीवर चढून राहिलं." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "बोला नं. काई तं बोला."

"काय बोलू?" रुपराव म्हणाला.

तेवढ्यात गोदामातून तो हसला.

कोणीही ओळखलं असतं. ते लेथवरून माझ्या टेबलापर्यंत येणारं हसणं. बायजाबाई दचकली नाही. तिने आधी शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं, मग अंगणापलीकडच्या दाराकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"यायचा आवाज व्हय हा," ती म्हणाली.

"वहिनी, ते गोदाम बंद आहे. आत कोणी नाही. पत्र्यामुळे आवाज घुमतो..."

तिने माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं नाही. उठून ती सरळ धोंडबाकडे गेली. "किल्ली द्या, बावाजी."

धोंडबाने माझ्याकडे पाहिलं, मग मालकांच्या ऑफिसकडे. मग त्याने कमरेची किल्ली सोडली आणि तिच्या हातावर ठेवली, जसं कोणाचं ठेवायला दिलेलं परत करावं.

तिने कुलूप काढलं आणि आत गेली. दार मागे आपोआप लोटलं गेलं. कानस थांबली. तिचा आवाज ऐकू आला, रागाचा, मग रडण्याचा. मग दोघांच्या हसण्याचा.

रुपराव माझ्या शेजारी चहा पीत होता.

७

भोंगा झाला आणि अंगण माणसांनी भरलं. त्या गर्दीत गोदामाचं दार उघडलं. बायजाबाईची हिरवी साडी दिसली. तिने एका माणसाचा हात धरला होता. त्याचा चेहरा माझ्याकडे नव्हता. अस्तन्या कोपरापर्यंत वर केलेल्या, खांद्यावर लांब पितळी नळी. गर्दीतून वाट काढत ती दोघं फाटकाकडे गेली. कोणीतरी त्याला हाक मारली आणि त्याने नळी असलेला हात वर केला.

तो कोणीही असू शकेल. पाठमोरी माणसं सारखीच दिसतात.

"ते आता काटोलची गाडी धरतीन," रुपराव माझ्या कानाशी म्हणाला. पेला त्याच्या हातात तसाच होता. त्याने तो खाली ठेवला. "मंग मी कुठं जाऊ गा?"

घरी ये माझ्या, असं म्हणता आलं असतं. ते सुचलं आणि तसंच राहिलं. फाटकाबाहेर नालीवरच्या पुलावर तो बसला. मी बसमध्ये चढलो तेव्हा तो तिथेच होता.

सोमवारी रुपराव कामावर आला आणि त्याने लेथ सुरू केला. दहा वाजायच्या आत त्याचं हसणं माझ्या टेबलापर्यंत आलं. "फवारा शेंड्याले लागला गा, केशव! बुढा तं नाचाले लागला!" त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. हात गरम होता, ग्रीसने भरलेला. "तुही पेटी कुठवर आली?"

"चाललंय," मी म्हणालो.

त्या शनिवारी गोदामातून कानशीचा आवाज आला नाही. रीळ आणि भाता, एवढेच. पंचफुलाबाई अंगणात आली होती. तिने तो फरक ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "गोपिकाले कोनी सांगतलं असंन का हो?"

पुलावर राहिलेल्या त्या दुसऱ्याला मी एकदा पाहिलं. सीताबर्डीला, व्हरायटी चौकात, सिटी बसच्या रांगेत. दाढी वाढली होती, सदरा तोच होता. बस आली, रांग पुढे सरकली, तो सरकला नाही. लोक त्याला वळसा घालून चढले. मी समोरून गेलो तेव्हा त्याने मला ओळखलं असावं, कारण जाण्यासाठी वाट द्यावी तसे पाय जरा मागे घेतले. मी निघून गेलो.

८

हे सगळं मी यमुनाला एका संध्याकाळी सांगितलं. तिने विचारलं म्हणून नाही. सीताबर्डीहून सरबताची बाटली आणायची होती ती का आणली नाही, एवढंच ती विचारत होती, आणि तिथून मी सांगत गेलो. बायजाबाई, किल्ली, हिरवी साडी, पुलावर बसलेला रुपराव. काही गाळावं असं वाटलं नाही. ती कणीक मळत होती. मळता मळता तिचे हात थांबले.

मला वाटलं ती हसेल, किंवा डॉक्टरकडे चला म्हणेल. माझ्या ऑफिसातल्या कोणीही तेच केलं असतं.

"आणि पेटी?" तिने विचारलं.

"भाता वाजतो. आता सूरही बसवले असावेत. परवा दोन सूर वाजले."

"कोण वाजवतं?"

तिने कणकेवर ओलं फडकं घातलं, हात धुतले, आणि माझ्यासमोर येऊन बसली. माझा चेहरा तिने इतक्या जवळून बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. कपाळापासून हनुवटीपर्यंत तिने तो शांतपणे पाहिला, खोली सोडताना काही राहिलं का ते बघावं तसा.

"तो गुणगुणतो?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"कुठली चाल?"

मी सांगितली. तिने मान खाली घातली. खाली रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटी वाजत गेली.

"शनिवारी किती वाजता असतो तो तिथे?"

"जेवणाची सुट्टी संपली की."

"आणि तो धोंडबा किल्ली कोणालाही देतो?"

"मागितली तर देतो," मी म्हणालो, आणि हिंगण्याची बस कुठे थांबते तेही तिला नीट समजावून सांगितलं.